जात्याखालची जमीन

पाकीट टेबलावर होतं आणि सुमेधा वाघचौरे त्याला हात लावत नव्हती.

जाड खाकी कागद, मागच्या बाजूला लाखेचा ठिपका, त्यावर विद्यापीठाची मोहोर. पुढे निळ्या शाईत प्राध्यापक कुमुद मोघ्यांचं वळणदार अक्षर होतं : 'हौसाबाई ढेबे, वरची वाडी, टाकेदरा. ध्वनिमुद्रण ऑगस्ट १९८९. गाणारी आणि तिचा मुलगा धाकलू, या दोघांपैकी एकही हयात असेपर्यंत उघडू नये.' खाली हौसाबाईंच्या डाव्या हाताचा अंगठा.

"ताई, साडेदहा वाजलेत," डॉ. इरफान मुजावर म्हणाला. "चारच्या सुमाराला ओढ्यावरचा साकव पाण्याखाली जाईल. त्यानंतर वरच्या वाडीतून कुणालाच बाहेर काढता येणार नाही."

"मला वेळ कळतो, इरफान."

"मग उघडा ना."

सुमेधाने हात मांडीवरच ठेवले. नीरा खोरे विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं हे लोकस्मृती दालन ती सतरा वर्षं सांभाळत होती. खोऱ्यातल्या चाळीस गावांनी आपल्या घरातलं काय काय इथं आणून ठेवलं होतं : पत्रं, लग्नातले फोटो, शाळेचे दाखले, आणि बायकांच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या अकराशे टेपा. दर मंगळवारी ऐकण्याच्या खोलीत माणसं यायची. कुणाला मेलेल्या आईचा आवाज ऐकायचा असे, कुणाला बारशाला आजीची ओवी लावायची असे. दर श्रावणात ग्रंथालयाची गाडी गावोगाव जाऊन बायकांच्या ओव्या नव्याने टिपून आणायची. त्या अकराशे टेपांपैकी चौदा अशा बंद पाकिटात होत्या. मोघेबाई जायच्या आधी तिला म्हणाल्या होत्या, "ह्या चौदा आपण राखल्या, म्हणून बाकीच्या आपल्याला मिळाल्या, हे विसरू नकोस."

इरफान भूगर्भशास्त्र विभागात होता. तीन वर्षांपूर्वी अशाच एका मंगळवारी तो स्वतःच्या पणजीची ओवी ऐकायला आला होता. गाणं ऐकता ऐकता त्याचं लक्ष गाण्यावरून उडालं आणि खालच्या घरघरीवर गेलं. दुसऱ्या दिवशी तो धावतच परत आला होता.

त्याचं म्हणणं साधं होतं. जातं फिरतं तेव्हा नुसता आवाज होत नाही, त्याचे बारीक हादरे जमिनीत उतरतात. मातीचा थर ओलांडून ते खालच्या काळ्या कातळावर आपटतात आणि परत वर येतात. माती घट्ट असली की लवकर येतात, पाणी मुरून सुटी झाली असली की रेंगाळतात. एका फेऱ्यात हा पडसाद सापडणं अशक्य, इतका तो क्षीण असतो. पण बाई अर्ध्या तासात जात्याचे हजार फेरे घेते. ते सगळे फेरे एकावर एक अचूक रचले, की गाणं विरून जातं, कोंबडा विरतो, पोराचं रडणं विरतं. दर फेऱ्याला तसाच परत येणारा पडसाद तेवढा उरतो. हे रचण्याचं काम करणारी प्रणाली त्याने लिहिली होती. फक्त फेरा नेमका कुठे सुरू होतो, बाई मूठभर दाणे घालायला कुठे थांबते, हे जुन्या टेपांवर यंत्राला धड कळत नसे. तिथे माणसानेच कान लावून खुणा कराव्या लागत. आणि त्या कामात सुमेधाइतका तयार कान कुणाचाच नव्हता.

टाकेदऱ्याच्या वरच्या वाडीत, डोंगराच्या अगदी कुशीत, हौसाबाईंच्या घरात जमिनीत पक्कं रोवलेलं जातं अजून होतं. गेली तीन वर्षं श्रावणात ग्रंथालयाची गाडी तिथे गेली की इरफान जात्याशेजारी आपलं उपकरण ठेवायचा. पहिल्या वर्षी पडसाद बावन्न सहस्रांश सेकंदांनी आला. दुसऱ्या वर्षी चौपन्न. दहा दिवसांपूर्वी अठ्ठावन्न. आणि आज सकाळी, चार दिवसांच्या मुसळधार पावसानंतर, त्याने फोन करून धाकलूच्या बायकोला जातं फिरवायला लावलं तेव्हा तिथेच ठेवून आलेल्या उपकरणावर एकसष्ट.

"पण तो डोंगर श्रावणात नेहमीच असा भिजत असेल तर?" जिल्हा आपत्ती कक्षातल्या अधिकारी रोहिणी निकाळजे सकाळी आठ वाजता म्हणाल्या होत्या. "डॉक्टर, दोन वर्षं लागोपाठ आपण ती वाडी हलवली. काहीही झालं नाही. दुसऱ्या खेपेला छावणीत एक म्हातारा न्यूमोनियानं गेला. आता पोलीस पाठवले तर लोक दगड मारतील. मला जुना आकडा दाखवा. पूर्वी अशाच पावसात त्या जमिनीचं काय होत होतं ते सांगा, मी लगेच हुकूम काढते."

जुना आकडा एकाच ठिकाणी होता. हौसाबाईंच्या घरातल्या तेव्हाच्या आणखी सहा टेपा होत्या, पण २००७ साली जागा वाचावी म्हणून त्यांच्या संगणकीय नकला केल्या, तेव्हा खालची घरघर 'खरखर' समजून कापून टाकली गेली. मूळ टेपा बुरशीनं गेल्या. बंद पाकिटातल्या टेपेला मात्र कुणी हात लावला नव्हता. ऑगस्ट १९८९, तेच जातं, आणि जुन्या नोंदींप्रमाणे तसाच चार दिवसांचा पाऊस.

"आधी विचारते," सुमेधा म्हणाली आणि तिने फोन उचलला.

फोन धाकलूने घेतला. साठीचा माणूस, आवाज खणखणीत. मागे पावसाचा पत्र्यावरचा मारा.

"धाकलूदादा, आजींशी बोलायचं होतं. जरा एकटीनं."

"तिला फोनवरचं ऐकू येत न्हाई मॅडम. मला सांगा, मी वरडून सांगतो तिला."

सुमेधाने पाकिटावरच्या अक्षरांकडे पाहिलं. ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच तोंडून परवानगी मागायची होती.

"त्यांनी १९८९ साली मोघेबाईंकडे एक टेप बंद करून ठेवली होती. ती उघडायला त्यांची परवानगी हवी आहे. डोंगराच्या कामासाठी."

"टेप? कसली टेप?" धाकलू म्हणाला, आणि मग लांबून त्याचं ओरडणं ऐकू आलं. "आई! ती तुजी बंद टेप उघडू का म्हंत्यात गं!"

मग हौसाबाईंचा आवाज आला, लांबून पण स्पष्ट. "न्हाई! अजाबात न्हाई! बाईनं शबूद दिलाय मला!"

"ती नको म्हणते," धाकलू म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "काय हाय मॅडम त्यात?"

"मला माहीत नाही," सुमेधा म्हणाली. अकरा वाजायला दहा मिनिटं कमी होती आणि त्या घटकेला ते खरं होतं.

वरच्या मजल्यावर कुलसचिवांनी तिला दहा मिनिटं थांबवून घेतलं आणि म्हणाले, करारभंगाचा निर्णय अभिलेख समितीचा असतो, समिती सोमवारी बसते. मग दार लोटून हळूच म्हणाले, "तुम्ही उघडलीत तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. नाही उघडलीत आणि काही झालं, तरीही नाही."

ती जिना उतरून खाली आली. इरफान दालनाच्या दारात उभा होता.

"मी एकटी ऐकणार," ती म्हणाली. "तू बाहेर थांब. खुणा करून झाल्या की मी फक्त खालच्या घरघरीची पट्टी काढून तुला देईन. आवाज नाही द्यायची."

"चालेल."

"आणि इरफान, दार बंद कर."

लाख मोडताना अगदी बारीक आवाज झाला. टेप कोरी असावी तशी नवी होती. यंत्रावर चढवून तिने कानाला हेडफोन लावले.

आधी ठरावीक सुराचा नादकाटा वाजला. टेपेचा वेग पुढे कधी तपासायचा झाला तर उपयोग व्हावा म्हणून मोघेबाई प्रत्येक टेपेच्या सुरुवातीला तो वाजवायच्या. मग त्यांचा तरुण आवाज : "हौसाबाई, माईक जमिनीवर ठेवलाय. तुम्ही करा सुरू." मग जातं. सुमेधाने पहिली खूण केली. दुसरी. तिसरी. हात आपोआप चालू लागला.

गाणं उशिरा सुरू झालं. चाळिशी उलटलेल्या हौसाबाईंचा आवाज तेव्हाही कोवळा आणि कोरडा होता.

'नणंद माझी ठकू, गेली काळ्याशार पाण्यात,
तिचा हिरा ठेवला गं, माझ्या पदराच्या गाठीत.'

सुमेधा खुणा करत राहिली. मध्ये जातं थांबलं आणि हौसाबाई गाणं सोडून बोलू लागल्या. त्यांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्याच आठवड्यात, त्याच घरात, मागच्या अंधाऱ्या खोलीत, लग्न न झालेल्या ठकूला मुलगा झाला. सासूने तो उचलून हौसाबाईंच्या कुशीत ठेवला आणि कुणाला कळू दिलं नाही. बाराव्या दिवशी ठकू विहिरीवर गेली ती परत आली नाही. 'पाय घसरला' असं सगळ्यांना सांगितलं. "धाकल्या तिचा हाय, बाई," हौसाबाई टेपेवर म्हणत होत्या. "मला कुटंतरी म्हनायचं हुतं. जात्याला म्हनून झालं, पर जातं काय मानूस न्हाई." मग नाक ओढल्याचा आवाज, आणि पुन्हा जातं फिरू लागलं.

सुमेधाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती खुणा करत होती. नऊशे चाळीस फेरे. एक वाजून वीस मिनिटांनी तिने घरघरीची पट्टी वेगळी केली आणि दार उघडून इरफानच्या हातात दिली. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पट्टी प्रणालीत घातली.

प्रणालीला सात मिनिटं लागली. पडद्यावर आधी नुसती दाट रेघोट्यांची गर्दी होती. फेरे एकावर एक चढत गेले तशी ती विरळ होत गेली, आणि एक टोकदार उंचवटा उरला.

"एक्केचाळीस," इरफान म्हणाला. "तेव्हाही चार दिवस पाऊस होता आणि एक्केचाळीस. आज एकसष्ट. ताई, हे नेहमीचं भिजणं नाही. कातळावरचा सगळा थर सुटलाय."

दोन वाजता निकाळजेंनी हुकूम काढला. अडीचला तलाठी आणि पोलीस खालच्या वाडीत पोचले. तीन वाजता वरच्या वाडीतली माणसं गुरं सोडून, पोरं कडेवर घेऊन साकवाकडे निघाली. दगड कुणी मारले नाहीत. जुन्या टेपेतून डोंगराचा आकडा निघाला, हे ऐकून बायकाच आधी उठल्या, असं तलाठी फोनवर म्हणाला.

तीन वाजून बावीस मिनिटांनी सुमेधाचा फोन वाजला.

"मॅडम, समदी निघाली," धाकलू म्हणाला. "आई उठंना."

"म्हणजे?"

"जात्यापाशी बसलीया. म्हंती, बाईंना इचार टेप उघडली का. उघडली का?"

इरफान समोरच होता. त्याने मान हलवून 'नाही म्हणा' अशी खूण केली.

"उघडली," सुमेधा म्हणाली.

"तिनं नको म्हटलं हुतं तुमाला."

"हो."

"काय हाय त्यात, की ती मराय तयार झालीया?"

"दादा, फोन त्यांच्या कानाला घट्ट लावा. मी ओरडून बोलते. आणि तुम्ही अंगणात जाऊन उभे राहा."

"का म्हनून?"

"कारण ते त्यांचं आहे. माझं नाही आणि तुमचंही नाही. दादा, वेळ नाही."

पावलं वाजली. कानाला काहीतरी घासलं. इरफान उठला, बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. ग्रंथालयात सतरा वर्षांत कधी वर न चढलेल्या आवाजात सुमेधा ओरडली, "आजी, मी सुमेधा!"

"ऐकलंस?" हौसाबाईंनी विचारलं.

"ऐकलं."

"समदं?"

"सगळं."

"आनी कोन कोन हुतं?"

"कुणी नाही. मी एकटी. कुणाला सांगितलं नाही, सांगणार नाही."

सुमेधाच्या तेव्हाच लक्षात आलं. हौसाबाईंना ऐकू येत होतं. फोन कानाला लावून ओरडलं की ऐकू येत होतं. सकाळीच असं विचारता आलं असतं.

"त्या बाईनं शबूद दिला हुता. तू मोडलास."

"मोडला, आजी."

"मग आता माज्यापाशी काय मागतीस? जा. मी हितं बरी हाय. आता कुनाम्होरं जाऊ मी?"

एक्केचाळीस, एकसष्ट, यातलं काहीच इथे उपयोगाचं नव्हतं.

"आजी, तुम्ही उठला नाहीत तर दादा उठणार नाहीत. अंगणात उभे आहेत ते. तुम्हाला टाकून साकव ओलांडणार नाहीत. साठ वर्षं तुम्ही त्यांना सांभाळलंत. आज तुमच्यापायी त्यांचा जीव जाईल."

पाऊस. गाईच्या गळ्यातली घंटा. मग फोन कुठेतरी खाली ठेवल्याचा आवाज, आणि लांबून, चिडक्या स्वरात :

"धाकल्या, हात दे. माजे गुडगं धरल्यात."

साकव तीन वाजून पंचावन्न मिनिटांनी पाण्याखाली गेला. धाकलूने आईला पाठुंगळी घेऊन तो ओलांडला तेव्हा पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत होतं. पाच वाजून दहा मिनिटांनी डोंगर खाली आला. पलीकडच्या टेकाडावर उभ्या असलेल्या त्र्याहत्तर माणसांनी तो पाहिला. सगळ्यांनी सांगितलं ते एकच : आवाज नंतर आला. आधी झाडं उभीच्या उभी चालत निघाली.

वरच्या वाडीतलं एकही घर उरलं नाही.

पुढच्या दोन महिन्यांत दालनात बऱ्याच गोष्टी झाल्या. वर्तमानपत्रांत सुमेधाचा फोटो आला. आणखी बावीस गावांच्या ओव्यांतून पडसाद काढायचं काम इरफानला मिळालं, आणि त्यासाठी गावोगावच्या बायका आपापल्या घरी पुन्हा जात्यावर बसल्या. पण त्याच दिवसांत उरलेल्या तेरा पाकिटांपैकी नऊ पाकिटांच्या मालकिणी, किंवा त्यांच्या लेकी, दालनात आल्या. त्या भांडल्या नाहीत. "आमचं आमाला द्या," एवढंच म्हणाल्या. सुमेधाने नोंदवहीत सही घेऊन पाकिटं परत केली. एका म्हातारीने तिथेच बाकावर बसून टेपेची फीत बोटांनी ओढून काढली आणि पिशवीत कोंबली.

ऑक्टोबरात अभिलेख समिती बसली. सुमेधावर करारभंगाचा ठपका होता आणि तो तिला मान्य होता. साक्षीला हौसाबाईंना बोलावलं होतं.

वऱ्हांड्यात धाकलूने सुमेधाला गाठलं. आई आत पाणी पीत होती.

"मॅडम, आता तरी सांगा. आई काय बोलत न्हाई. दोन म्हैने झालं, जेवताना माज्याकडं बगत न्हाई. काय हाय त्यात?"

"मी नाही सांगणार, दादा."

"माजा जीव वाचवलात आन मलाच परकं करता?"

"मी एकदा चुकले आहे," सुमेधा म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही."

तो तिच्याकडे रागाने पाहत राहिला. त्याच्यामागे दारात हौसाबाई काठी टेकून उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या, आणि त्यांना किती ऐकू आलं, ते सुमेधाला कळलं नाही.

आत लांब टेबलापाशी अध्यक्ष मोठ्याने बोलले. "आजी, टेप उघडल्यामुळे तुमचं काही नुकसान झालं का?"

"झालं."

"काय झालं ते सांगाल?"

"न्हाई."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मग आम्ही काय लिहायचं?"

"लिवा, ह्या बाईनं शबूद मोडला. सकाळी मला नीट इचारलं असतं, तर मी काय म्हनले असते मलाबी ठावं न्हाई. पर इचारलं न्हाई नीट." हौसाबाईंनी दम घेतला. "आन खाली लिवा, त्र्याहत्तर मानसं जिती हायत. एक लिवलं म्हनून दुसरं खोडू नगा. दोनी लिवा."

लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर करून अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान हलवली. त्याने दोन्ही लिहिलं.

सुमेधाला दालनातून काढून ग्रंथालयाच्या देवघेव विभागात पाठवायचं ठरलं. कुणी विरोध केला नाही, तिनेही नाही. शेवटचा विषय टेपेचा होता. ती पुन्हा लाख लावून बंद करायची तर कुठली मुदत घालायची, असं अध्यक्षांनी विचारलं.

हौसाबाईंनी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग त्यांनी शेजारी बसलेल्या धाकलूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बंद नगं," त्या म्हणाल्या. "ती ऐकायची खोली मोकळी हाय का आत्ता?"

सुमेधानेच त्यांना तिथवर नेलं. टेप चढवली, खुर्च्या जवळ ओढल्या, आवाज मोठा करायचं बटण धाकलूला दाखवलं. हौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती बाहेर आली आणि तिने दार ओढून घेतलं.

वऱ्हांड्यातल्या बाकावर ती बसली. थोड्या वेळाने दारातून जात्याची घरघर येऊ लागली, आणि त्यावर कुणाचा तरी कोवळा, कोरडा आवाज चढू लागला.

सुमेधा उठली. वऱ्हांडा ओलांडून, जिना चढून, वाचनकक्षाच्या पार टोकाच्या खिडकीपर्यंत गेली, आणि जिथे काहीच ऐकू येत नव्हतं तिथे थांबली.